ऐलथडी

"दवाखान्यात चालल्या का, ताई?"

उमरखेडच्या नाक्यावर भाचा माझी खुर्ची त्याच्या मालवाहू ऑटोत चढवत असला, की हा प्रश्न हमखास येतो. कधी दवाखान्याच्या जागी तहसील असतं, कधी "सर्टिफिकेटाचं काम निघालं का?" असं. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण चाकाच्या खुर्चीतली बाई घराबाहेर पडली म्हणजे तिचं काहीतरी अडलेलं असणार, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. मी म्हणते, "नाही, फिरायला चालले." माणूस जरा थांबतो, भाच्याकडे पाहतो. फिरायला म्हणजे नेमकं कुठे, कोणाकडे, कशासाठी, हे त्याला भाच्याकडून कळून घ्यायचं असतं.

फिरायला. तेवढंच. खरं तर फिरणं ही चाकाची क्रिया आहे. पाय चालतात, चाक फिरतं. तरी पायांची माणसं रोज संध्याकाळी सहज फिरायला जातात आणि चाकांवरच्या माणसाला मात्र त्या एका शब्दासाठी कारण द्यावं लागतं.

एकोणीस वर्षांची असताना मी कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर माझं असूनही मला कळेनासं झालं. त्याला तेवीस वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी खाटेवर छताकडे पाहत काढली. मग कोणीतरी नसीमा हुरजूक यांचं आत्मकथन आणून दिलं. कोल्हापूरच्या या बाईंनी सोळाव्या वर्षी पाय गमावल्यावर पुढे माझ्यासारख्या कितीतरी जणांना उभं करणारी संस्था १९८४ साली काढली. त्या पुस्तकाचं नाव 'चाकाची खुर्ची'. मला त्यातून धीर तर मिळालाच, पण आणखी एक गोष्ट मिळाली, माझ्या वस्तूला मराठी नाव. तेव्हापासून मी तिला चाकाची खुर्चीच म्हणते. व्हीलचेअर म्हटलं की मला दवाखान्याची फरशी आणि फिनेलचा वास आठवतो. चाकाची खुर्ची म्हटलं की माजघरातली, अंगणातली, रस्त्यावरची वस्तू वाटते.

मार्गशीर्षातली दुपार होती. ऑटोच्या मागच्या हौद्याला दोन सागवानी फळ्या लावून भाच्याने मला चढवलं, चाकांना विटा लावल्या, दोरीने खुर्ची फाळक्याला बांधली. सकाळपासून पाणी मोजून प्यायले होते. बाहेर पडायचं ठरलं की आदल्या रात्रीपासूनच तहान आवरावी लागते, कारण मला आत जाता येईल असं बाथरूम वाटेत नाही आणि नदीकाठच्या गावात तर नाहीच. नदीवर जायचं म्हणून पाणी प्यायचं नाही, याची आता सवय झाली आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. पराटीत वाकलेल्या बायांच्या पाठी, कमरेला बांधलेले ओटे, बांधावर पांढरे ढीग. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. पराटीच्या झाडांपाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. लहानपणी मी त्या दहीभातासाठी शेतात जायची. हल्ली काळ्या मातीत जाणं होत नाही. ओली असली की ती चाकाला अशी चिकटते, की चार हात गेल्यावर चाक दिसेनासं होतं आणि खुर्चीचं वजन दुप्पट होतं. वाळली की तिला भेगा पडतात आणि पुढची लहान चाकं त्यात अडकतात. ज्या मातीने आम्हाला खाऊ घातलं तिच्यावर मला आता पाऊल तर नाहीच, चाकही टाकता येत नाही. तूर फुलावर आली होती. तिच्या पिवळ्या रंगाकडे पाहत मी हा विचार बाजूला सारला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पैनगंगेच्या काठाने उमरखेड तालुक्यात अशी गावं ओळीने आहेत. एक मारुतीचं देऊळ, एक पाण्याची टाकी, शाळा, आणि वस्ती संपते तिथे एकदम तुटलेली दरड आणि खाली नदी. बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगवणारी ही नदी इसापूरच्या धरणात अडते, तिथून सुटते आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण बाजू धरून वाहत जाते. सहस्रकुंडाला ती काळ्या खडकांवरून शेकडो धारांनी कोसळते. पुढे वणी तालुक्यात जुगादजवळ ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सगळं पाणी गोदावरीत जातं. एवढा मोठा प्रवास. उमरखेडकडच्या बायांना मात्र तिचं एवढंच माहीत असतं, की इसापूरचं पाणी सुटलं तर उन्हाळा निभतो, नाही सुटलं तर नदीत झिरे खोदावे लागतात.

या नदीला अलीकडे आणि पलीकडे फार आहे. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. अलीकडे इंग्रजांचा अंमल होता तेव्हा पलीकडे निजामाचा होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या हद्दीतून निघालेल्या कार्यकर्त्यांचा एक तळ उमरखेडला होता. रात्री नदी ओलांडून माणसं इकडे यायची, तिकडे जायची. माझी आजी पलीकडची. ती माहेराला 'पैलथडी' म्हणायची. "पैलथडीला पाऊस झाला बाई," असं दारात उभं राहून सांगायची. मला लहानपणी वाटायचं, पैलथडी हे एखाद्या गावाचं नाव असेल. पलीकडच्या काठाला एवढा गोड शब्द असताना अलीकडच्या काठाला ऐलथडी हा शब्द आहे, हे मला फार उशिरा, पुस्तकात कळलं. आपण ज्या काठावर उभे आहोत त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. तो पायाखाली असतोच. माझ्या पायाखाली तो नाही, म्हणून असेल, मला या शब्दाची ओढ जास्त आहे.

ग्रामपंचायतीने दरडीच्या वर, नदीच्या अंगाला बाग केली आहे. गावात तिला उद्यान कोणी म्हणत नाही, 'गार्डन' म्हणतात. करंजाची आणि जांभळाची जुनी झाडं ठेवून मधल्या जागेत गट्टू बसवले आहेत, चार-सहा सिमेंटचे बाक आहेत, त्यांवर कोणाकोणाच्या स्मरणार्थ दिलेली नावं. व्यायामाची लोखंडी यंत्रं, ज्यांवर पोरं झोके घेतात. एक सिमेंटचं हरीण, एका शिंगाचं. कडेने जास्वंद, तगर, कण्हेर. मला ती बाग ऐकूनच आवडली होती, कारण भाच्याने सांगितलं होतं, "मावशी, आत सगळं सपाट आहे."

आत सपाट होतं. आत जाताच येत नव्हतं.

गुरं शिरू नयेत म्हणून फाटकाच्या जागी लोखंडी पाइपांचं नागमोडी वळण केलं होतं. एक पाइप डावीकडून, दुसरा उजवीकडून, मधे माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. गाय वळू शकत नाही, मोटारसायकल वळू शकत नाही. माझी खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे आणि पायाच्या फळीपासून मागच्या चाकापर्यंत साडेतीन फूट लांब. तीही वळत नाही. शेजारी मोठं फाटक होतं, ट्रॅक्टर जाईल एवढं. त्याला कुलूप.

ज्याने ते वळण केलं त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बकऱ्यांनी एका रात्रीत जास्वंद फस्त केली असेल आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला असेल. कोण आत यावं आणि कोण येऊ नये याचा विचार करताना माणूस आणि जनावर एवढे दोनच प्रकार त्याच्या डोळ्यांपुढे होते. मी त्या पाइपावर हात ठेवून बसले. पाइप उन्हाने तापलेला होता. आतून करंजाची सावली माझ्या चाकांपासून दोन हातांवर येऊन थांबली होती.

बागेची देखरेख करणारे म्हातारे बाबा आतून आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात खुरपं. त्यांनी खुर्ची पाहिली, पाइप पाहिला आणि लगेच उपाय सांगितला.

"कायले घाबरता ताई, पोट्टे हायेत ना. चौघं बलावतो, उचलून नेतीन. पाच मिंटाचं काम."

"नको बाबा. मोठ्या फाटकाची चाबी कोणाकडे असते?"

"थे सरपंचाच्या घरी असन. पण थे लोक वावरात गेले. पोट्टे इथंच हायेत."

"मी थांबते. चाबी आणा."

बाबांना हे कळलं नाही. पाच मिनिटांचं काम सोडून ही बाई उन्हात का थांबते? त्यांना वाईटही वाटलं. मदत नाकारली की देणाऱ्याचा हात अवघडतो, हे मी तेवीस वर्षं पाहते आहे. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

आई गेली तेव्हा तिच्या अस्थी हिवरा संगमला नेल्या. तिथे पूस नदी पैनगंगेला मिळते. आईनेच तसं सांगून ठेवलं होतं. आईने माझं सगळं केलं होतं, सतरा वर्षं, कूस बदलण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. तिच्या अस्थी माझ्या हाताने सोडायच्या एवढाच हट्ट मी धरला. भावांनी तो मानला. चार चुलतभावांनी खुर्चीसकट मला उचललं आणि खाली पाण्यापर्यंत नेलं. वाटेत खुर्ची एकीकडे कलली, एकाने मला दंडाला धरलं, दुसऱ्याने कमरेला. ते माझे भाऊच होते. तरी मी साडीचा पदर दातांत धरून डोळे मिटून घेतले. पाण्याशी पोचल्यावर खाली चिखल होता, खुर्ची टेकवली असती तर रुतली असती, म्हणून त्यांनी ती तशीच हातांवर धरून ठेवली. मी मडकं कलतं केलं. राख पाण्यावर पसरली आणि जरा वेळ तिथेच फिरत राहिली, पुढे जाईना. मला ती जाईपर्यंत पाहायचं होतं. पण भावांचे हात थरथरत होते, एकाचा श्वास माझ्या कानाशी लागला होता. मीच म्हटलं, "चला."

माझं वजन त्यांच्या हातांत होतं, म्हणून माझा वेळही त्यांच्याच हातांत होता. आईला मी पुरतं पाहून घेतलं नाही.

उचलून नेणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. त्यांच्याशिवाय मी कित्येक लग्नं, कित्येक देवळं, माझ्या स्वतःच्या परीक्षेचं केंद्र पाहिलं नसतं. तरी उचलून नेलेल्या माणसाला एक गोष्ट कधीच मिळत नाही. त्याला रेंगाळता येत नाही. "अजून थोडं बसते" म्हणायला आधी आपण आपले आलेले असावे लागतो. नदीकाठी माणूस बहुधा त्या 'अजून थोडं'साठीच जातो.

चाबी यायला पाऊण तास लागला. मोठं फाटक करकरत उघडलं, त्याच्यामागे वाढलेलं गवत बाबांनी खुरप्याने कापून दिलं आणि मी आत गेले.

गट्टूंवरून जाताना खुर्चीचा एक बारीक थरथराट हातांतून खांद्यांपर्यंत येतो. पाय काही सांगत नाहीत, म्हणून जमीन मला हातांतून कळते. इथे गट्टू खचलेत, इथे करंजाच्या मुळाने दोन वर उचललेत, इथे शेवाळ आहे. उचललेल्या गट्टूपाशी पुढची चाकं अधांतरी करून मागच्या दोनांवर तोल सांभाळायचा आणि पुढे टेकवायचं. जमिनीवर बाभळीचा काटा पडलेला नाही ना, हेही पाहायचं. एका काट्याने मागे एकदा मला चार तास एका बांधावर बसवून ठेवलं होतं. असं करत नदीच्या बाजूला पोचले आणि समोर कठडा आला.

बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना बरोबर आडवा येईल एवढा उंच सिमेंटचा कठडा. उभ्या माणसाला तो कमरेपर्यंत लागतो, त्यावर कोपर टेकून तो नदी पाहतो. मला कठडा दिसत होता, त्यावर चुन्याने लिहिलेला पाण्याचा संदेश दिसत होता, आणि वर आभाळ. नदी ऐकू येत होती. खाली बाया धुणं बडवत होत्या, त्यांचा आवाज दरडीवर आदळून उशिरा वर येत होता. नदी माझ्यापासून वीस फुटांवर होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले असते तरी फरक पडला नसता.

"इकडे या ताई, इकडे," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

तिथे बारा-पंधरा फुटांचा कठडाच नव्हता. त्या जागी लोखंडी गज लावले होते. जुलै २०२३ च्या पुरात तेवढा भाग खाली गेला, असं बाबांनी सांगितलं. तो पाऊस जिल्हा विसरलेला नाही. २२ जुलैला यवतमाळ शहरात वाघाडी नदी घरांत शिरली होती, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं आणि माणसं काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. मी त्या रात्री घरी टीव्हीसमोर होते. माझ्या घरात पाणी येण्याची भीती नव्हती, तरी झोप लागली नाही. त्या तांड्यावर कोणी खाटेवरचं, कोणी खुर्चीतलं असेल तर त्याला आधी काढतील की शेवटी, एवढाच विचार रात्रभर डोक्यात होता.

त्या पुराने पाडलेल्या जागेत पंचायतीकडे सिमेंटचे पैसे उरले नव्हते, म्हणून गज लावले गेले. गजांतून मला नदी दिसली.

खूप दिवसांनी दिसली. डाव्या हाताला डोह, काळसर हिरवा, वर वाकलेल्या उंबराची सावली घेऊन पडलेला. उजवीकडे पाणी पसरट होऊन खडकांवरून जात होतं आणि तिथे त्याला ऊन लागून ते सारखं हलत होतं. मधे रेतीचं बेट. पलीकडे मराठवाडा. तिकडच्या काठावर एक माणूस म्हशींना पाण्यात बसवून स्वतः खडकावर फोनवर बोलत होता. पाण्यावरून आवाज असा येतो, की त्याचं "हं, हं, सांग की" माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. एक भोई थर्माकोलच्या तराफ्यावर पोटाशी पाय घेऊन बसला होता आणि हाताने पाणी मागे सारत जाळ्याकडे चालला होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पाण्यावर तोही बसूनच जात होता, हातांनीच.

गजावर खंड्या येऊन बसला. इतका जवळ, की त्याच्या निळ्या पाठीवरचं पीस वाऱ्याने उलटं झालं आणि त्याने मान वळवून ते बसवलं, हे मला दिसलं. खुर्ची स्थिर असली की पाखरं तिला माणूस समजत नाहीत. चालत येणाऱ्याला पाखरू आधी उडताना दिसतं. मला ते बसलेलं दिसतं.

दर पंधरा-वीस मिनिटांनी मला खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलून धरावं लागतं. खालच्या कातडीला रक्त मिळावं म्हणून. नाही तर दाबाची जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. हे दवाखान्यात पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी रडले होते. आता तेच माझं घड्याळ आहे. मोजते, किती वेळा उचललं. त्या दुपारी त्या गजांपाशी मी सहा वेळा स्वतःला उचललं. दुसऱ्या कोणी एकदाही नाही.

बाबा आमटेंची आठवण झाली. आमच्या वणीवरून वर्धा ओलांडली की वरोरा, तिथे त्यांचं आनंदवन. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. अशा अवस्थेत १९९० साली ते आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले आणि काही वर्षं तिथेच राहिले. त्यांचं तिथे जाणं धरणाविरुद्धच्या लढ्यासाठी होतं, ते सगळे जाणतात. मला त्यात आणखी काही दिसतं. त्यांना बसता येत नव्हतं आणि मला फक्त बसताच येतं. पण खाटेवर पडून रोज नदी पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आला, की माझ्या इथे येण्याला कोणी कारण विचारलं तर लाज वाटेनाशी होते.

कायद्यालाही आमचं हे येणं मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्कृती आणि मनोरंजन यांसाठी वेगळं, २९ वं कलम आहे. शिक्षण, रोजगार, आरोग्य यांच्या बरोबरीने. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं. आमच्या औषधाचा, पगाराचा, पेन्शनचा विचार कोणी केला तर आश्चर्य नाही, पण आमच्या विरंगुळ्याचा विचार दिल्लीत बसून कोणीतरी केला होता. मात्र प्रवेशाच्या सोयी कशा असाव्यात याचे निकष नियमांत शिफारशीसारखे लिहिले गेले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सरकारला सांगितलं. एकोणीस वर्षं एक माणूस न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता, पायऱ्यांसाठीच. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तेही आता गावोगाव ठाऊक आहे. ते पैसे बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरी वाटले जातात. घरात चूल पेटायची असते, म्हणून घेणाऱ्याला मी बोल लावणार नाही. पण त्यातून एखादं फाटक रुंद झालं, तर ते गावातल्या गुडघे गेलेल्या प्रत्येक म्हातारीचं, मूल कडेवर असलेल्या प्रत्येक बाईचं होईल.

बागेच्या टोकाला घाट आहे. पाण्यापर्यंत बावीस पायऱ्या. मी वरून मोजल्या. एक पायरी अर्ध्या फुटाची धरली तर अकरा फूट उतरायचं. एक फुटाला बारा फूट लांबीचा उतार हवा, तेव्हाच खुर्ची स्वतःच्या हातांनी चढते-उतरते. म्हणजे एकशे बत्तीस फूट, आणि मधे दम घ्यायला सपाट जागा. बागेतले बाबा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. त्यांना मी हिशोब सांगितला तसे ते उठले आणि बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नदीच्या कडेने पावलं मोजत गेले, मोजत आले.

"ब्याऐंशी पावलं," ते म्हणाले. "बसते ना मंग?"

"बसतो बाबा. बसून उरतो."

ते काही बोलले नाहीत. डोक्याचा दुपट्टा सोडला, माझ्या खुर्चीच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडीपासून दुसऱ्या चाकाच्या कडीपर्यंत ताणून धरला आणि तिथे एक गाठ मारली. गाठीचा दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मला वाटलं, त्यांना नुसतं मापाचं नवल वाटलं असेल.

माघात पुन्हा गेले. पैनगंगा उतरली होती, रेतीचं बेट मोठं झालं होतं आणि त्यावर टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या. ओळीने आळी, प्रत्येक आळ्यात हिरवा ठिपका. मोठ्या फाटकाला तेच कुलूप होतं. पण नागमोडी वळणातला एक पाइप कापून त्याला बिजागरी लावली होती. तो आता दारासारखा फिरत होता आणि दुसऱ्या खांबाला साखळीने अडकत होता. साखळी बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. मी ती काढली, पाइप ढकलला आणि आत गेले. दोन्ही चाकांच्या बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली. भाच्याला मी सांगितलं, तू उमरखेडला जाऊन ये, फोन करते.

बाबा लांब तगरीला पाणी घालत होते. त्यांनी मला पाहिलं, मानेने ओळख दाखवली आणि पाणी घालत राहिले. जवळ आले नाहीत. उचललेले ते दोन गट्टू कोणीतरी काढून पुन्हा सपाट बसवले होते.

मी गजांपाशी गेले. घाटाच्या बावीस पायऱ्या तशाच होत्या, कठडाही तसाच उंच होता. खाली डोहावर सावली येत होती. टरबुजाच्या वाडीत एक बाई हंड्याने आळ्यांना पाणी घालत होती, एक आळं झालं की दुसरं, घाई नाही. मी तिची ओळ संपेपर्यंत पाहिलं. मग तिने दुसरी ओळ धरली, तीही पाहिली. ऊन पलीकडच्या काठावरून वर सरकत झाडांच्या शेंड्यांवर गेलं, टिटवी ओरडत बेटावरून उडाली, मी हातांवर जोर दिला, अंग उचललं, टेकवलं. कितव्यांदा, ते त्या दिवशी मोजलं नाही.

दिवेलागणीला बाबा आले. खुरपं आणि बादली एका हातात, दुसऱ्या हातात कंदिलाएवढी बॅटरी.

"किती वेळ बसता ताई?"

"माहीत नाही बाबा."

"बसा." ते दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "जाताना साखळी तेवढी अडकवा. नाही तर बकऱ्या घुसतीन."

आणि ते जेवायला घरी निघून गेले.